जोडीचा नेम आणि नॉर्वेचा सूर्य

…आणि मावळायचं नाही म्हणजे मावळायचंच नाही! अहो, घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा कळतं, की दिवेलागण झाली, या माणसांना आपापली कामं आहेत, आता आपण उठावं. पण तिथला सूर्य! डोंगराच्या डोक्यावर येतो, बूड टेकल्यासारखं करतो आणि पुन्हा आपला आडवा चालू लागतो. गुऱ्हाळातला बैल फिरतो ना चरकाभोवती, तसा गोल… गोल… गोल! आणि लोक पैसे खर्च करून हे बघायला येतात, गळ्यात कॅमेरे घालून. कशासाठी? जो आपलं काम वेळेवर करत नाही, त्याचं कौतुक कशासाठी?

नको, तो माइक नको मला, माझा आवाज पुरेसा आहे. तुम्ही म्हणालात, "गुणाआक्का, नॉर्वे पाहून आलात, मंडळात चार शब्द सांगा," म्हणून उभी राहिले. आता खरे चार शब्द हवेत की गोड चार शब्द हवेत, हे तुम्ही सांगितलं नाहीत, तेव्हा मी खरे सांगते. देश स्वच्छ आहे, त्याबद्दल दुमत नाही! पण स्वच्छता म्हणजे सर्व काही नव्हे. घासलेलं भांडंही स्वच्छ असतं, त्यात काही असावं लागतं की नाही?

ज्या नव्या सुना मागं बसल्या आहेत त्यांच्यासाठी आमचा नेम आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही म्हातारी सूर्यावर का चिडली आहे. सूर्य मावळला की अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. बोरगावला मुनिमहाराजांचा चातुर्मास होता, त्या वर्षी आम्ही दोघांनी, मी आणि आमच्या यांनी, जोडीनं समोर बसून घेतलेला नेम. आज चाळीस वर्षं होऊन गेली. आणि जोडीचा नेम म्हणजे काय, तर जोडीची गाडी. एक बैल खाली बसला की दुसऱ्यानं कितीही मान ताठ ठेवली तरी गाडी जागच्या जागी. बैलाची उपमा मला शोभत नाही, पण दुसरी सुचत नाही. सांगायचं एवढंच, की यांचा मोडला की माझाही मोडला.

आणि यांनी तो पाळला हो! निपाणीला आमच्या यांची, तवनाप्पांची, तंबाखूची वखार म्हटलं की कुणीही दाखवील. त्या वखारीत संध्याकाळी व्यापारी बसायचे, गरम भजी यायची, आणि हे किल्ल्यांचा जुडगा उचलून घरी. सख्ख्या भाच्याच्या लग्नात पंगत उशिरा बसली तर हे अक्षता टाकून उपाशी परत आले. मी सगळ्यांना अभिमानानं सांगायची, "आमच्या यांची श्रद्धा!" आता श्रद्धा कुठं संपते आणि बायकोचा धाक कुठं सुरू होतो, हे कळायला मला नॉर्वेला जावं लागलं.

आमचा अतुल तिथं अगदी उत्तरेच्या टोकाला, ट्रॉम्सो नावाच्या गावी नोकरीला आहे. दोन वर्षं त्याचा एकच धोशा, "आई, या. आप्पांना घेऊन या. जूनमध्ये या, इथं चोवीस तास उजेड असतो, सूर्य मावळतच नाही." आता मला सांगा, यावर शहाण्या माणसानं विश्वास का ठेवावा? चोवीस तास पाणी असंही आपल्याकडं फलकावर लिहिलेलं असतं, म्हणून काय आपण कळशा भरून ठेवत नाही? मी समजले, मुलगा आहे, आईवडील यावेत म्हणून चार रंग जास्त चढवतो आहे. मी जुनी मॅट्रिक, भूगोलात मला कधी कमी गुण नव्हते, ध्रुवाकडं काय होतं ते मी पाठ करून लिहिलेलंही आहे. पण परीक्षेत लिहिणं निराळं आणि त्याच उन्हात बसून भांडी घासणं निराळं!

पोचलो. अतुल आला होता, सूनबाई रूपाली आली होती, नात ब्राह्मी आली होती. रस्ते असे, की खाली सांडलेलं दूध उचलून घ्यावं. देश स्वच्छ आहे, त्याबद्दल दुमत नाही! पण रस्त्यावर माणूस नाही. हे गाडीच्या काचेतून इकडं बघतात, तिकडं बघतात, आणि म्हणतात, "अतुल, हितली माणसं कुटं ठेवल्यात रं?" अतुल म्हणाला, "आप्पा, एवढीच आहेत." हे म्हणाले, "एवढी तर आमच्या वखारीच्या पायरीवर बसत्यात!"

घरी गेल्यावर मी पिशवीतून गाळणं काढलं आणि नळाला बांधलं. रूपाली म्हणाली, "आत्याबाई, इथलं पाणी जगात सगळ्यात शुद्ध समजतात." मी म्हटलं, "असेल की गं. शुद्ध आहे हे त्यांचं मत झालं. गाळलेलं आहे का, हा माझा प्रश्न आहे." आणि खायला? जिकडं बघावं तिकडं मासे आणि बटाटे. मासे सोडा. पण बटाटा! आम्ही कंदमुळं खात नाही, आणि त्या लोकांचं बटाट्यावाचून पान हलत नाही. उकडलेला बटाटा, भाजलेला बटाटा, कुस्करलेला बटाटा, आणि एके ठिकाणी मी फार चौकशी करून, "हे बटाट्याविना आहे ना?" असं अतुलकडून तीनतीनदा विचारून घेतलं, तर तिथल्या वाढणाऱ्या मुलीनं हसत हसत बटाटे बाजूला काढून उरलेलं माझ्यापुढं ठेवलं! काय बोलायचं? हसत होती बिचारी.

हे सगळं मी सोसलं असतं. पण पहिला दिवस ऐका. आम्ही सहाला जेवलो. नियमाप्रमाणं. मी ताटं घासली, ओटा पुसला, हातपाय धुतले, णमोकार मंत्र म्हणायला बसले, म्हटलं आता सूर्य मावळेल. मंत्र झाला. पुन्हा म्हटला. भाषण पाठ असलेल्या पुढाऱ्यासारखा तो समोर उभाच! रूपालीनं ब्राह्मीला झोपवलं, तरी ऊन. अतुलनं खिडकीशी खुर्ची ओढली, तरी ऊन. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. चाळीस वर्षांत त्या वेळेला मी कधी न ऐकलेला आवाज. आमचे हे म्हणाले,

"गुणा, जरा भडंग काढ की."

मी म्हटलं, "अहो! ही काय वेळ आहे?"

"व्हय की. वेळच हाय. सूर्य मावळल्यावर खायाचं न्हाय, असाच न्हवं नेम? दाखव कुटं मावळलाय!"

आणि बोट खिडकीबाहेर! तुम्हाला सांगते, मी निपाणीच्या बाजारात कधी हरले नाही, लेकाच्या मुख्याध्यापकांपुढं हरले नाही, ती त्या क्षणी हरले. कारण त्यांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं! सूर्य समोर होता. चांगला डोळ्यात जात होता. आणि हा मनुष्य, चाळीस वर्षं थांबलेला मनुष्य, डबा मांडीवर घेऊन बसला. मग रोज! चहाबरोबर चिवडा, चिवड्यावर शंकरपाळी, शंकरपाळीवर "तोंड गोड झालं, आता जरा तिखट हाय का बघ." निपाणीहून महिन्याभराचा म्हणून नेलेला फराळ आठवड्यात तळाला! वर मला ऐकवतात, "लई झाक देश हाय गं. आपल्या नेमाला धरून हाय."

आता माझी काय अवस्था झाली असेल, सांगा. माझा नेम मोडला का नाही? मोडला म्हणावं, तर सूर्य साक्षीला उभा. नाही मोडला म्हणावं, तर महाराजांनी पोटाला विसावा द्या म्हणून सांगितलेलं, आणि इथं विसाव्याचाच पत्ता नाही. मी रात्रभर… रात्र कसली, ऊनभर या कुशीवरून त्या कुशीवर! मग मला वाटलं, वाद घालण्यात अर्थ नाही, शिस्त लावली पाहिजे. नेम आपण घेतला कुठं? आपल्या मुलखात. तेव्हा सूर्यही आपल्या मुलखातला धरायचा! मी लगेच आमच्या शेजारच्या नीलमला फोन लावला. म्हटलं, "नीलम, सूर्य मावळला का गं?"

ती घाबरली. "आक्का, बरं हाय न्हवं तुमाला?"

"मला बरं आहे. तू गच्चीत जा आणि बघून सांग."

"जातो, आक्का… हां, आत्ताच बुडाला बघा उसामागं. का वो? तिकडं न्हाय का?"

तर निपाणीत सूर्य बुडाला, तेव्हा नॉर्वेत दुपारचा चहा चालला होता! मी सगळ्यांच्या बशा उचलल्या. "संपलं. सूर्यास्त झाला." ब्राह्मीच्या हातात बिस्कीट होतं, तिच्यापुरतं सोडलं. आणि सकाळी? निपाणीत उगवला तेव्हा तिथं सगळं गाव गाढ झोपलेलं. बाहेर लख्ख ऊन आणि रस्त्यावर मांजरसुद्धा नाही. मी उठले, आंघोळ केली, उप्पीटाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची पडली… आणि छताला चिकटवलेलं, धूर हुंगणारं एक पांढरं यंत्र असं किंचाळायला लागलं, असं किंचाळायला लागलं, की मला वाटलं, गॅसचाच स्फोट होणार! अतुल एका पायात चप्पल घालून धावत आला आणि टॉवेलानं छताला वारा घालायला लागला. समोरच्या दारातून एक गोरी म्हातारी बाई, माझ्याच वयाची असेल, झोपेचा लांब झगा घालून बाहेर. मी काय करणार? तिला बशीत उप्पीट दिलं. तिनं उभ्यानं खाल्लं हो! आणि अंगठा वर करून गेली. अतुल म्हणाला, तो शेजारी राहायला आल्यापासून ती बाई पहिल्यांदा त्याच्या दारात आली. म्हणजे बघा, यंत्र किंचाळल्याशिवाय तिथं माणूस माणसाच्या दारात येत नाही. देश स्वच्छ आहे, त्याबद्दल दुमत नाही!

निपाणीचा सूर्य काही फार दिवस टिकला नाही. अतुल हात जोडून म्हणाला, "आई, मला सकाळी ऑफिस असतं गं." आणि नीलमच्या नवऱ्यानंही विचारलं म्हणे, की गुणाआक्का रोज सूर्याची चौकशी का करतात.

मग मी पडदा शोधून काढला. तिथं झोपायच्या खोल्यांना जाड काळे पडदे असतात. ओढले की अमावास्या! मी अतुलला सांगून तसाच पडदा बैठकीला लावून घेतला आणि जाहीर केलं, "मी पडदा ओढला की सूर्यास्त. मी सरकवला की सूर्योदय. यापुढं या घरात सूर्य माझ्या हाती." आणि चाललं बरं का! सहा वाजता जेवणं, सातला पडदा, दिवा, मंत्र. ब्राह्मी टाळ्या वाजवून विचारायची, "आजी, आता संध्याकाळ झाली?" त्या पोरीनं उन्हाळ्यातली संध्याकाळ म्हणून जी काही पाहिली, ती माझ्या हातची पाहिली! मला धन्य धन्य वाटलं. म्हटलं, नेम वाचला.

कसला वाचला? दोनच दिवसांनी मंत्र म्हणताना माझ्या पाठीवर ऊन आलं. वळून बघते तर हे पडद्याशी उभे. पडदा बोटभर सरकवलेला, त्या फटीतून उन्हाचा एक पट्टा आलेला, त्या पट्ट्यात पाट टाकलेला, आणि हे त्याच्यावर बसून खाकरा मोडताहेत!

"अहो, हे काय?"

"उजाडलं गं," हे म्हणाले. "आज जरा लौकर उजाडलं."

हसू नका! मला सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? मी बोलणंच सोडलं. बोलणं सोडलं म्हणजे मी पुष्कळ बोलले, पण ते ऐकत नव्हते.

तशात यांना तिथं धारवाडकडचा एक मनुष्य भेटला. किराणा घ्यायला गेलो होतो, मागून आवाज आला, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का हो, म्हणून विचारत होता. अख्ख्या देशात जेवलात का म्हणून विचारणारा एकच माणूस निघाला, आणि तोही आपल्याच बाजूचा! यांनी त्याला मिठी मारली. डोळ्यांत पाणी. आणि घरी घेऊन आले, आणि आल्या आल्या आधी पडदा सरकवला. "पाव्हणे आल्यात. उजाडू दे." मला कानडी बोलता येतं, मी त्याला स्पष्ट सांगितलं, की आमचा नेम आहे. तर तो मनुष्य खिडकीकडं बघून म्हणतो, "अव्वा, होत्तु मुळुगिल्लल्ला!" म्हणजे सूर्य बुडालेलाच नाही की! यांना साक्षीदार मिळाला.

त्या रात्री… ऊनच, पण रात्र म्हणूया… मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. परतायला थोडेच दिवस राहिले होते. म्हटलं, यांना अतुलसमोर उभं करायचं आणि विचारायचं, नेम ठेवणार की सोडणार, एक काय ते सांगा. नाहीतर निपाणीला गेल्यावर मी महाराजांपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू? मी तरातरा खोलीतून निघाले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत हे आणि अतुल. दोघांच्या मध्ये एकच ताट. ताटात भाजलेले पापड, चुरून, वर शेंगदाण्याची चटणी. दोघं एकाच ताटातून खाताहेत. आणि अतुल म्हणतो आहे,

"आप्पा, आपण दोघं असं एका ताटात कधी जेवलोय हो?"

"कवा जेवणार रं?" हे म्हणाले. "तू शाळा, शिकवणी करून यायचास आठाला. तवर माझं ताट पालथं."

"मग मी आतल्या खोलीत एकटा जेवायचो."

"ठाऊक हाय. मी भाईर कॉटवर पडून ऐकायचो की. भाकरीला तुझा हात लागल्याला सुद्दा ऐकू यायचा. पण उठून यायचं तर…" यांनी ताट अतुलकडं सरकवलं. मग हसले. "तुझ्या आईनं सूर्य मावळवला की कुणाची टाप हाय रं उठायची!"

आणि दोघं जे हसत सुटले! पापडाचे तुकडे उडाले. मी दारात. मला आत जायचं होतं. माझं वाक्य तयार होतं, क्रियापदासकट. पण पाय उचलेना. आता ते दोघं काही चुकीचं बोलत होते असं नाही, काही बरोबर बोलत होते असंही नाही. त्या वेळी अतुलला गरम भाकरी मीच करून वाढत होते, त्याच्या समोर मी बसत होते, मी काय भिंत होते? पण मी बसत होते, जेवत नव्हते. समोर बसणं निराळं आणि बरोबर जेवणं निराळं, हे मला तिथं, त्या परक्या दारात कळावं? बैठकीत येऊन मी काय केलं असेल? पडदा पुरा सरकवला. भिंतीपर्यंत. म्हटलं, खायचंच असेल तर चोरासारखं फटीतून नको, नीट उजेडात खा.

इतकं होऊनही मी बेचैनच. विमानात बेचैन, बेळगावला उतरले तरी बेचैन. काकतीच्या पुढं गाडी हमरस्त्याला लागली आणि मी डावीकडं बघितलं, तर आपला सूर्य! लाल, वेळेवर, मुकाट खाली चाललेला. बुडाला की बुडाला! मागं वळून बघणं नाही, डोंगरावर बसून गप्पा नाहीत. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त. यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले. जोडीचा नेम पुन्हा जागेवर आला.

एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सूर्यास्त झाला, दिवा लावला, आणि सोप्यातून कुरुम कुरुम आवाज. जाऊन बघते, तर यांनी फोन तांब्याला टेकवून उभा केलेला, फोनमध्ये अतुल, अतुलच्या मागं खिडकी, आणि खिडकीत तो! तोच! भर दुपारचा, लख्ख, निर्लज्ज! आणि हे इकडं भडंगाचा डबा उघडून बसलेले, तिकडं अतुलच्या हातात पापड.

मी म्हटलं, "अहो, सूर्य मावळलाय!"

"आपला मावळलाय," हे म्हणाले. "मी अतुलच्या सूर्यावर खातोय."

सांगा! महाराजांनी 'सूर्य' म्हटलं होतं, कुणाचा ते म्हटलं नव्हतं. मी महाराजांना विचारायला बोरगावला जाणार होते, यंदाही त्यांचा मुक्काम तिथंच होता. साडी काढून ठेवली होती. गेले नाही. ते 'नाही मोडला' म्हणाले तर आमचे हे डोक्यावर बसतील, आणि 'मोडला' म्हणाले तर… तर तो फोन बंद करायला मलाच सांगावं लागेल ना? बाप आणि लेक रोज त्या वेळी बसतात हो. काही विशेष बोलत नाहीत. "आज ऊस तोडायला आल्यात," "आप्पा, इकडं वारं सुटलंय," एवढंच. आणि कुरुम कुरुम.

पण मीही मॅट्रिक आहे. भूगोल मी विसरलेले नाही. परवा मी शांतपणे म्हटलं, "खा, खा. पण नोव्हेंबर सरत आला की तिथं दोन महिने सूर्य उगवतच नाही, आहे ना ठाऊक? तेव्हा तुमच्या लेकाचा सूर्य कुठून आणाल?" म्हटलं, आता धरलं! आता कुठं पळाल?

हे जरासुद्धा गडबडले नाहीत. भडंगाचा घास संपवला, हात झटकले, आणि म्हणाले, "तवा मग अतुलला आपल्या सूर्यावर जेवू घालायचं की. त्यानं आजवर आपल्याला दिलं, तवा आपण द्यायचं. त्याची न्याहारी व्हायची तवा आपल्याकडं बारा वाजल्यालं असत्यात. फोन गच्चीत घेऊन जायाचा आणि सूर्याकडं धरायचा."

मी म्हटलं, "आणि धरणार कोण? तुमचा हात तर थरथरतो!"

तर तोंड पुसत म्हणतात, "म्हणूनच म्हनलं, तू धर."

तेव्हा भगिनींनो, पौष महिन्यात भर बाराला कुणी आमच्या घरी आलात आणि मी दिसले नाही, तर खाली हाका मारत बसू नका. मी गच्चीत असेन, ऊन धरून उभी… लेकाची न्याहारी होईपर्यंत!